तीन वीकएंडचा डॉक्टर म्हणजे मीच, बोला

आरसाचिमटा

परवापासून एक पोस्ट फिरतेय. आधी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आली, तिथून गावातल्या पालकांच्या ग्रुपवर, आणि शेवटी सख्ख्या मेहुण्याने 'हे तुमच्याबद्दल आहे का?' असं विचारत मलाच पाठवली. लिहिणारे पुण्यातले कोणी ऑर्थोडोंटिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारे तज्ज्ञ. म्हणणं थोडक्यात असं: हल्ली साधे बीडीएस (दंतवैद्यकाची फक्त पहिली पदवी घेतलेले) तीन-चार वीकएंडचे कोर्स करतात आणि सात-आठ वर्षांच्या मुलांच्या तोंडात उपकरणं घालायला लागतात. हा मुलांच्या जबड्यांशी खेळ आहे. दात वाकडे दिसले की पालकांनी थेट ऑर्थोडोंटिस्टकडे यावं, 'प्रमाणपत्रवाल्यांच्या' नादी लागू नये.

'साधे' हा शब्द लागला, म्हणून एवढं लिहितोय.

मी साधा बीडीएस. माणदेशात तालुक्याच्या गावी सोळा वर्षं दवाखाना आहे. एक खुर्ची, एक मदतनीस, एक इन्व्हर्टर. तो कोर्स मी केलाय. दोन वर्षांपूर्वी, तीन वीकएंड, स्वतःच्या पैशाने, शनिवारी पहाटेची एसटी धरून. लपवलेलं नाही, सर्टिफिकेट भिंतीवर आहे.

गेल्या वर्षी एक आजी आठ वर्षांच्या नातीला घेऊन आली, दाढ किडली म्हणून. आईबाप मेंढरं घेऊन बाहेर पडलेले, पोर आजीपाशी. तोंड उघडलं तर वरच्या पटाशीतला उजवा दात खालच्या दातांच्या मागे अडकलेला. तोंड मिटलं की सगळा दाब खालच्या त्या एका दातावर, आणि त्याची हिरडी शेजारच्या दातांपेक्षा चांगली दोन मिलिमीटर खाली सरकलेली. म्हटलं, साताऱ्याला दाखवून या. आजी म्हणाली, "दुखत न्हाई तर कशापायी जायाचं?" साताऱ्याला जायचं म्हणजे दोघींचं तिकीट आणि एक रोज बुडणार, आणि तेही दर महिन्याला. ती जाणार नव्हती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मग मीच माप घेतलं, अर्ध्या मिलिमीटरच्या तारेची झेड स्प्रिंग (दात पुढे ढकलणारी वळणदार तार) वळवली, मागच्या दाढांवर अ‍ॅक्रिलिकचा थर देऊन चावा उघडला (वरखालचे पुढचे दात एकमेकांत अडकू नयेत म्हणून) आणि प्लेट दिली. सात आठवड्यांत दात उडी मारून पुढे. हिरडीही सावरली. पैसे किती घेतले ते सांगत नाही, इथले पुणेकर हसतील.

'थेट आमच्याकडे या' म्हणे. सहा-सात वर्षांचं पोर पहिल्यांदा माझ्या खुर्चीत बसतं, कीड लागते म्हणून. तुमच्याकडे ते तेराव्या वर्षी येतं, आलंच तर. मधल्या सहा वर्षांत त्याच्याकडे बघणारा मीच असेन, तर मला नीट शिकवायचं की नाही?

आणि एक. तुमच्यातले किती जण दर रविवारी बॅग घेऊन आमच्यासारख्यांच्या दवाखान्यात 'व्हिजिट'ला येतात ते ठाऊक आहे. सकाळी एक गाव, दुपारी दुसरं, पेशंटमागे पाच मिनिटं, निम्मी फी. मधल्या महिन्यात ब्रॅकेट (दातावर चिकटवलेली कडी) निघालं, तार गालात टोचली, तर रात्री दहाला फोन कोणाला येतो? तेव्हा मी 'साधा' नसतो. तेव्हा मी "सर, तेवढी तार कापून द्या ना" असतो.

तारसप्तक

ती पोस्ट माझी नाही. पण मी ऑर्थोडोंटिस्ट आहे आणि पुण्यातच आहे, त्यामुळे जोडे मलाच पडणार हे धरून लिहिते.

तुमची झेड स्प्रिंगची केस छान. उपरोध नाही. पण डॉक्टर, ती बीडीएसच्या अभ्यासक्रमातलीच केस आहे हो! सगळ्यांनीच ०.७ च्या तारेचे अ‍ॅडम्स क्लास्प (प्लेट दाढेला धरून ठेवणारे आकडे) वळवता वळवता बोटं सोलून घेतलेली असतात. त्याला वीकएंड लागत नाहीत. हे कोर्स चालतात ते सिलिकॉनच्या ट्रेनरसाठी (दातांना वळण लावायला तोंडात धरायचा साचा), टाळू रुंद करायच्या स्क्रूसाठी, आणि आता लहान मुलांच्या अलाइनरसाठी (तारांऐवजी घालायचे पारदर्शक साचे). शिकवणारा बहुतेक वेळा तेच विकणाऱ्यांचा माणूस. रविवारी चारला समारोप, साडेचारला ऑर्डर फॉर्म.

पेशंट दिसतो तो स्लाइडवर. आधी आणि नंतर. पाच वर्षांनी काय झालं त्याची स्लाइड नसते. एमडीएसची, म्हणजे तज्ज्ञाच्या पदव्युत्तर पदवीची, तीन वर्षं तार वळवायला लागत नाहीत. कुठे हात लावायचा नाही, ते कळायला लागतात.

एक प्रसंग. शिकत असताना नऊ वर्षांचा मुलगा आला. पुढचे दोन दात लटलट हलताहेत, हिरडी सुजलेली, पू. मार लागलेला नाही. खोदून विचारल्यावर आई म्हणाली, दोन दातांत फट होती म्हणून घराजवळच्या डेंटिस्टने बारकं रबर बँड अडकवलं होतं. फट मिटली, रबर कुठेतरी 'पडून गेलं'. ते पडलं नव्हतं. दात मुळाकडे निमुळता होत जातो, त्यावरून रबर सरकत हिरडीच्या आत वर गेलं होतं. हिरडी उघडून काढलं तेव्हा मुळांभोवतीचं हाड गेलेलं. एक दात गेलाच. आणि ती फट? त्या वयात ती असतेच. सुळे उतरले की बहुतेकांची आपोआप मिटते. काहीही न करणं हाच उपचार होता, आणि तो करायला फी मिळत नाही.

केतकीची आई

तारसप्तक, अंगावर काटा आला. आमचं नशीब म्हणायचं मग, आमचे फक्त पैसेच गेले.

केतकी साडेसात वर्षांची असताना हीच फट. शहरातल्या एका चकाचक क्लिनिकमध्ये (नाव घेत नाही) सांगितलं, जबडा लहान आहे, आत्ताच काही केलं नाही तर पुढे दात काढावे लागतील. घाबरलो. निळा सिलिकॉनचा ट्रेनर, रोज दिवसा दोन तास आणि रात्रभर. रात्री अकराला तो उशीखाली सापडायचा. दीड वर्षात दोन ट्रेनर, मग एक स्क्रूवाली प्लेट, ती शाळेच्या डब्याबरोबर टिश्यूत गुंडाळून कचऱ्यात गेली, मग नवी प्लेट. साठ हजार. आता ती तेराची आहे आणि नीट तारा लावल्यात, पुन्हा पंचेचाळीस. नव्या डॉक्टरांना विचारलं, आधीच्याचा काय उपयोग झाला? ते नुसतं हसले. त्यांचं हसणं मला त्या साठ हजारांपेक्षा जास्त लागलं.

त्या क्लिनिकमधला डॉक्टर बीडीएस होता की एमडीएस, खरं सांगते, मला आजही माहीत नाही. बोर्डावर 'स्माइल एक्स्पर्ट' होतं.

आरसाचिमटा

@तारसप्तक, रबर बँडची गोष्ट अंगावर येते, पण उलगडून बघा. तो डेंटिस्ट कोर्स केलेला होता की न केलेला? आम्हाला पहिल्याच दिवशी पहिल्याच तासाला शिकवलं, की मोकळं रबर दाताला कधीही अडकवायचं नाही, आणि हीच गोष्ट सांगितली. म्हणजे तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

ऑर्डर फॉर्मबद्दल मात्र... हो. होता. मी भरला नाही.

दुधी

चर्चा वाचून करमणूक झाली. मुलांचे दात, मुलांचे जबडे, मुलांची उपकरणं, आणि भांडतंय कोण? बीडीएस आणि ऑर्थो. पिडोडोंटिस्ट (खास मुलांचे दंतवैद्य) नावाची जमात असते, तीही तीन वर्षं एमडीएस करते, आणि अख्खं मिक्स्ड डेंटिशन (दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असतात तो काळ) तिच्या अभ्यासक्रमात असतं, हे दोघांच्याही गावी नाही. आम्ही मेलो का?

आणि मुळात दात वेडेवाकडे येण्यातला केवढा मोठा भाग 'दुधाचा दात आहे, पडणारच आहे, काढून टाका' या एका वाक्यातून येतो! सातव्या वर्षी दुधाची दाढ उपटायची, जागा राखायला साधी बँड-अँड-लूप पट्टी बसवायची नाही, मग सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ पुढे सरकून त्या जागेत बसते आणि खालची उपदाढ आत अडकते. ती पट्टी बसवायला पंधरा मिनिटं. @आरसाचिमटा, कोर्स करण्याआधी तुम्ही किती दुधाच्या दाढा उपटल्यात आणि त्यातल्या किती जागा राखल्यात? आकडा द्या, मग बोलू.

आरसाचिमटा

पहिल्या आठ-दहा वर्षांत? भरपूर उपटल्या. जागा राखल्या शून्य. पालक "रूट कॅनाल? दुधाच्या दाताला? येडा झालाय का डॉक्टर?" असं तोंडावर म्हणायचे आणि समोरच्या दवाखान्यात जायचे. कोर्स केल्यापासून राखतो. शिकवलं म्हणून. पुन्हा माझाच मुद्दा, ताई.

गुऱ्हाळ

तुम्हा डॉक्टर मंडळींचं चालू द्या. मी शेतकरी माणूस, वय ६८, माझे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर आणि सरळ. आम्ही ऊस दातांनी सोलून खायचो. बाजरीची भाकरी, हुरडा, शेंगा, फुटाणे. आता आया पोरांना मिक्सरमधून काढलेलं भरवतात, ब्रेडच्या कडा कापून देतात. जबड्याला कामच नाही तर तो वाढेल कशाला? आधी पोरांना ऊस द्या, मग तारा लावा.

केतकीची आई

आलं. आयांवर आलं. गुऱ्हाळकाका, तुमच्या पोरांना तुम्ही स्वतः किती वेळा भरवलंत?

कोपऱ्यातला बाक

पॉपकॉर्न घेऊन बसतो. कडक आहेत, जबडा वाढेल.

गुऱ्हाळ

@केतकीची आई, राग नको पोरी, पण खरं ते खरं. आमच्या वडिलांच्या पिढीत कोणाचे दात वाकडे होते दाखवा.

उत्तरध्रुव

वडिलांच्या पिढीत फोटोत कोणी हसतच नव्हतं हो. दिसणार कुठून?

तारसप्तक

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). काकांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. रॉबर्ट कोरुचिनी नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात आपल्याकडे, उत्तर भारतात, शहरी आणि ग्रामीण मुलांच्या दातांची तुलना केली होती. त्याचा रोख हाच: अन्न मऊ झालं, चावणं कमी झालं, दातांची गर्दी वाढली. पण हे पिढ्यांच्या पातळीवरचं झालं. एका मुलाला आठव्या वर्षी ऊस दिला म्हणून त्याचे वेडे दात सरळ होत नाहीत.

गुऱ्हाळ

म्हणजे अमेरिकन म्हणाला की विज्ञान, मी म्हणालो की म्हाताऱ्याची बडबड.

बालेकिल्ला

उसाने दात सरळ झाले असते तर कोल्हापूर-सांगलीत एकाही ऑर्थोचा बोर्ड दिसला नसता. आमच्याकडे पोरं ऊसच खातात. दात वाकडेही आहेत आणि किडलेलेही.

खान्देशी मांडे

आणि बाजरी का म्हणून? ज्वारीची भाकरी जास्त चावावी लागते.

गुऱ्हाळ

ज्वारीची भाकरी मऊ. शिळी असेल तर गोष्ट वेगळी.

खान्देशी मांडे

कळण्याची भाकरी खाल्लीय का कधी? उडीद-ज्वारीची. ती चावून दाखवा.

दुधी

भाकरीपेक्षा तोंडाने श्वास घेणं बघा! अ‍ॅडिनॉइड (नाकामागची गाठ) वाढलेली मुलं रात्रभर तोंड उघडं टाकून झोपतात, टाळू अरुंद राहतो. अंगठा चोखणारी वेगळीच. आधी कान-नाक-घसावाल्यांकडे...

कोपऱ्यातला बाक

अंगठा! आता कडुनिंब, कोरफड, मिरची सगळं येणार.

बालेकिल्ला

आमच्या आजीने माझ्या अंगठ्याला चुना लावला होता. अंगठा सुटला, तोंड आलं. दात तरीही पुढेच.

केतकीची आई

मिरची लावू नका कोणी. तोच हात डोळ्याला जातो. आमच्या भाच्याचा अनुभव.

गुऱ्हाळ

मी अंगठ्याबद्दल बोललोच नव्हतो. मुद्दा उसाचा होता.

उत्तरध्रुव

मूळ विषयावर येऊ का? मी दहा वर्षं फिनलंडमध्ये. इथे अठरा वर्षांखालच्या मुलांची दातांची काळजी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत. माझ्या मुलाला आठव्या वर्षी उपकरण दिलं ते केंद्रातल्या साध्या डेंटिस्टने. ऑर्थोडोंटिस्ट ठरावीक दिवशी येतात, मुलं बघतात, काय करायचं ते लिहून देतात, आणि पुढचं काम साधा डेंटिस्ट आणि त्याच्या सहायक करतात. कोणाच्या जबड्याशी खेळ झालेला दिसला नाही. उलट एका तज्ज्ञाच्या नजरेखालून कितीतरी जास्त मुलं जातात. महाराष्ट्रात हे का नको?

तारसप्तक

बघा ना, तुम्हीच उत्तर दिलंत. आराखडा तज्ज्ञाचा, हात डेंटिस्टचा, आणि कोणाच्याही खिशाला उपकरणामागे टक्केवारी नाही. आपल्याकडच्या कोर्समध्ये या तिन्हीतलं नेमकं काय आहे? शिवाय अख्खा फिनलंड म्हणजे पंचावन्न-छप्पन्न लाख माणसं. एकट्या पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख होती.

आरसाचिमटा

मग करा ना आराखडा! कोणी अडवलंय? मी फोटो पाठवतो, एक्स-रे पाठवतो. आजवर तीन ऑर्थोंना पाठवले. एकाचं उत्तर "पेशंट पाठवा", दुसऱ्याचं "पेशंट पाठवा", तिसऱ्याने निळी टिक दाखवली आणि गप्प. तुम्हाला आमचा पेशंट हवाय, आम्ही शिकायला नकोय.

तारसप्तक

हे फार झालं. फोटोवरून आराखडा देऊन उद्या काही बिघडलं तर ग्राहक आयोगात कोण उभं राहणार? आणि आम्ही तीन वर्षं स्टायपेंडवर काढली, काहींनी प्रायव्हेट कॉलेजला घर गहाण ठेवून फी भरली, ते फुकट सल्ला वाटायला?

आरसाचिमटा

हं. आता खरं बाहेर आलं. 'मुलांच्या जबड्यांशी खेळ' वगैरे वरचा मुलामा होता, आत घर गहाण होतं.

तारसप्तक

शब्द जपून वापरा. मी इथे माझ्या नावाच्या फीचा हिशोब मांडायला आले नाही.

खडूफळा

डॉक्टरांचं भांडण संपलं की सांगा, मी पटावर हजेरी घेतो.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं. दोन आयुषचे डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. दंतवैद्य त्यात नसतो. त्यांचा दोष नाही, एका दिवसात पोरं किती आणि वेळ किती. टॉर्च मारतात, 'आ कर', कीड दिसली तर कार्डावर लिहितात, उपजिल्हा रुग्णालयाला पाठवतात. पण खालचा जबडा पुढे आलेलं पोर, वरचे दात इतके पुढे की ओठ मिटत नाही असं पोर, त्याच्या कार्डावर काहीच नसतं. दुखत नाही ना? झालं.

माझ्या वर्गात पाचवीला एक मुलगा होता. सगळी पोरं त्याला फावडं म्हणायची. मैदानावर कबड्डी खेळताना तोंडावर पडला, पुढचे दोन्ही दात अर्धे तुटले. दात तेवढे पुढे नसते तर ओठावर निभावलं असतं, असं तालुक्याचे डॉक्टर म्हणाले. तुम्ही बीडीएसला शिकवा, ऑर्थोला शिकवा, नाहीतर मला शिकवा. कोणाला पाठवायचं आणि कधी, एवढं तरी.

दुधी

@खडूफळा, अगदी. पुढे आलेल्या दातांवर परदेशात मोठ्या चाचण्या झाल्यात. अमेरिकेत दोन ठिकाणी, ब्रिटनमध्ये ट्विन ब्लॉक नावाच्या उपकरणावर. आठ-नऊ वर्षांची असताना उपचार केलेली मुलं आणि बारा-तेराला केलेली मुलं, शेवटी दात-जबडा जवळपास सारखाच. दोनदा उपचार, दोनदा खर्च, फायदा तेवढाच. फरक उरला एकच. लवकर उपचार केलेल्यांमध्ये पुढचे दात तुटण्याचं प्रमाण कमी.

तारसप्तक

धन्यवाद. 'लवकर केलं की जबडा वाढतो' म्हणून जे विकलं जातंय ते बहुतेकांसाठी खोटं आहे, हेच मी सांगतेय.

आरसाचिमटा

आणि शेवटचं वाक्य गाळलंत. दात कमी तुटतात. कबड्डी खेळणाऱ्या पोराला तेवढा फायदा पुष्कळ झाला.

अडुळसा

इतके दिवस इथे नुसता वाचत होतो. 'थांबा' म्हणणाऱ्यांसाठी लिहितोय.

माझा खालचा जबडा पुढे. आठव्या वर्षी वडील मुंबईला एका मोठ्या, नामांकित तज्ज्ञाकडे घेऊन गेले. बीडीएस नव्हे, ऑर्थोडोंटिस्टच. ते म्हणाले, दुधाचे दात सगळे पडू द्या, तेराव्या वर्षी या. तेराव्या वर्षी म्हणाले, आता वाढ थांबू द्या, मग ऑपरेशन. एकोणिसाव्या वर्षी दोन्ही जबडे कापून बसवले. सहा आठवडे पातळ पदार्थ, ताकातून कालवलेला भात स्ट्रॉने. शाळेत मला काय म्हणायचे ते लिहीत नाही. नंतर कळलं, सात-आठ वर्षांच्या मुलाला चेहऱ्यावर मास्क लावून वरचा जबडा पुढे खेचता येतो. ब्रिटनमध्ये सात ते नऊ वर्षांच्या मुलांवर याची चाचणी झाली. सहा वर्षांनी बघितलं तेव्हा मास्क लावलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना ऑपरेशनची गरज वाटत होती, न लावलेल्यांपैकी ६६ टक्क्यांना.

मला कोणी कोर्स केलेला साधा बीडीएस भेटला असता आणि त्याने नुसतं 'आत्ताच दाखवा' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

तारसप्तक

अडुळसा, वाईट वाटलं वाचून. खालच्या जबड्याची वाढ आनुवंशिक असते, मास्क लावूनही ऑपरेशन लागू शकतं, तुम्हीच दिलेल्या आकड्यांत ते दिसतं. पण 'तेराव्या वर्षी या' हे चूकच होतं. कबूल. आमच्यातले जुने लोक सरसकट सगळ्यांनाच थांबवायचे. अमेरिकन ऑर्थोडोंटिस्टांची संघटनाच सांगते, सातव्या वर्षापर्यंत एकदा दाखवा. दाखवा, एवढंच. लगेच उपकरण घाला असं नाही.

कोपऱ्यातला बाक

ऐतिहासिक नोंद: आज धाग्यावर एका ऑर्थोने 'कबूल' हा शब्द वापरला.

अवांतर: ज्या एडवर्ड अँगलला तुम्ही लोक गुरू मानता, त्याने १९०० मध्ये सेंट लुईसला ऑर्थोची पहिली शाळा काढली, तेव्हा सुरुवातीचे वर्ग काही आठवड्यांचेच होते म्हणतात. म्हणजे तुमचा अख्खा वंशवेलच क्रॅश कोर्सचा.

तारसप्तक

तेव्हा भूलही नीट देत नव्हते. तीही परत आणू या का?

केतकीची आई

मला एकच सांगा. धाकटा आठ वर्षांचा आहे. पुढच्या दोन दातांत फट, बाजूचे दोन तिरके, पंख्यासारखे बाहेर. मी काय करू? आणि भांडू नका.

तारसप्तक

काही नाही. सुळे येऊ द्या.

आरसाचिमटा

काही नाही. दाढा किडू देऊ नका, तेवढं बघा. नवव्या-दहाव्या वर्षी कोणालातरी वरचे सुळे बोटाने चाचपून बघायला सांगा. हिरडीवर फुगवटा लागायला हवा.

केतकीची आई

अय्या! दोघांचं एकच उत्तर? मग दोन दिवस कशावर चाललंय हे?

गुऱ्हाळ

त्याला ऊस द्या.

तारसप्तक

@आरसाचिमटा, सुळा चाचपायचं तुम्हाला कुठे शिकवलं?

आरसाचिमटा

त्याच कोर्समध्ये. एक स्लाइड. बोट कुठे ठेवायचं ते बाणाने दाखवलं होतं. खरा सुळा कोणीच चाचपला नाही.

तारसप्तक

मग ऐका. तारा-बिरा बाजूला ठेवा, तालुक्याच्या दवाखान्यात या एका बोटाची किंमत त्या सगळ्या ट्रेनरपेक्षा जास्त आहे. दहाव्या वर्षी फुगवटा लागला नाही, तर सुळा टाळूकडे वळलेला असू शकतो. अशा वेळी दुधाचा सुळा काढला तर बऱ्याच मुलांमध्ये कायमचा आपली वाट सुधारतो. स्वीडनमध्ये १९८८ लाच दाखवून दिलंय. नाही बघितलं तर शेजारच्या दाताचं मूळ खाऊन टाकतो आणि चौदाव्या वर्षी माझ्याकडे येतो. मी ज्या कॉलेजात शिकवते तिथे मंगळवारी या वयाची मुलं असतात. येऊन बसा. ऑर्डर फॉर्म नाही. चहा कँटीनचा, तोही तुम्ही पाजायचा.

आरसाचिमटा

मंगळवारी आमचा आठवडी बाजार. आठवड्याची निम्मी कमाई त्या एका वारी असते. बुधवार चालेल?

आणि आता विचारलंच आहे तर. ती झेड स्प्रिंगवाली पोरगी दहाची होत आली. परवा प्लेट परत द्यायला आली तेव्हा चाचपून बघितलं. उजवा सुळा लागला. डावा लागत नाहीये. किंवा मला चाचपता येत नसेल.

तारसप्तक

तिला घेऊन या बुधवारी.

आरसाचिमटा

ती साताऱ्याला आली नाही, पुण्याला काय येणार.

तारसप्तक

मग तुम्ही या. दहा पोरं चाचपा, आणि परत जाऊन तिला बघा. तोवर एक्स-रेही नको आणि प्लेटही नको.